घराचे न दिसणारे दार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, भरतकाम, मुलांचे संगोपन अशा विषयांवर चार शब्द ऐकतो. यंदा कार्यकारिणीने मला सांगितले की, घरातल्या वायफायविषयी बोला. माझे शिक्षण सातव्या इयत्तेपर्यंत झालेले. इतक्या शिकलेल्या भगिनींपुढे यंत्राविषयी बोलणे म्हणजे धिटाईच म्हणायची! परंतु माझी मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि ती जे शिकून येते ते मला समजेपर्यंत मी तिला जेवणाच्या पाटावरून उठू देत नाही. अशी वर्षभरात एक वही भरली आहे. त्या वहीच्या आधाराने बोलते.

आपणां सर्वांच्या घरी हल्ली टीव्हीच्या टेबलावर किंवा भिंतीवर एक लहानसा डबा असतो. त्याला दोन-चार शिंगे असतात, हिरवे दिवे लुकलुकत असतात, आणि आपण आठवड्यातून एकदा त्यावर फडके फिरवतो. त्याचे नाव राउटर. बाहेरून तारेने आलेले इंटरनेट हा डबा घरभर लहरींनी पसरवतो. रेडिओच्याच जातीच्या या लहरी. त्यांना भिंत पुरते अडवू शकत नाही. फोडणी आपल्या घरात दिली तरी वास जिन्यात जातोच, तसे हे आहे. जिन्यात, गच्चीवर, खाली रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीतसुद्धा आपले वायफाय पोहोचते. म्हणजे आपल्या घराला एक दार असे आहे की जे आपल्याला दिसत नाही, आणि ते कोणत्या जागी आहे तेही सांगता येत नाही. पुढच्या दाराला आपण रात्री कडी, साखळी, वर कुलूप घालतो. या दाराची किल्ली कोणाकोणाकडे आहे, असे विचारले तर पुष्कळजणी म्हणतील, “ते आमच्या ह्यांना विचारा,” आणि ते म्हणतील, “तो जोडून गेलेला मुलगा सांगेल.”

कोणी म्हणेल, घेतले कोणी आपले थोडे इंटरनेट तर काय बिघडले? त्यासाठी आपल्याच बाजूची एक हकीकत सांगते. २६ जुलै २००८ रोजी संध्याकाळी अहमदाबादेत एकामागून एक बाँब फुटले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचे ईमेल पत्र गेले होते. पोलिसांनी त्या पत्राचा माग काढला तो थेट नव्या मुंबईत, सानपाड्याच्या एका इमारतीत. तेथे एक अमेरिकन गृहस्थ बायकामुलांसह राहत होते. पोलीस त्यांच्या दारात आले, संगणक ताब्यात घेतले गेले, चौकशी झाली, नाव वर्तमानपत्रांत आले. पुढे उलगडा झाला, की त्या गृहस्थांच्या वायफायला कुलूपच नव्हते आणि दुसऱ्याच कोणी ते वापरून पत्र धाडले होते. तेवढ्यावर थांबले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असेच पत्र माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वायफायवरून गेले, आणि १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले तेव्हाचे पत्र चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. तिन्ही ठिकाणी मालकांना पत्ता नाही! नंतर २००९ च्या जानेवारीत मुंबईचे पोलीस हातात यंत्र घेऊन उघडी वायफाय शोधत रस्तोरस्ती हिंडले, आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना याबाबत सूचना काढल्या.

यातली गोम अशी. घरात चार मोबाईल, एक टीव्ही, एक संगणक असला तरी बाहेरच्या जगाला ते सगळे मिळून एकच बिऱ्हाड दिसते. त्या बिऱ्हाडाच्या पत्त्याला नाव असते ते बिल ज्याच्या नावावर येते त्याचे. आपल्या वायफायवरून कोणी घाणेरडे लिहिले, कोणाला फसवले, धमकी दिली, तर माग आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो. आपण निर्दोष ठरू, हे खरे. पण निर्दोष ठरेपर्यंत पोलीस दारात उभे आणि शेजारी खिडकीत उभे! हा खर्च थोड्या इंटरनेटचा नव्हे.

“आता कोण कुलूप लावीत नाही? आमच्याकडे पासवर्ड आहे हो,” असे आपण म्हणाल. तर कुलपाविषयी थोडे सांगते. लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलत असू. प्रत्येक शब्दाला ‘च’ जोडायचा, म्हणजे मोठ्यांना कळत नाही असे आपल्याला वाटे. पण आजी ओसरीवर बसून दोन दिवस ऐके आणि तिसऱ्या दिवशी तीच भाषा आपल्याला बोलून दाखवी. डबा आणि मोबाईल एकमेकांशी अशाच सांकेतिक भाषेत बोलतात, म्हणजे मधल्यामध्ये कोणी ऐकले तरी अर्थ लागू नये. १९९७ साली पहिली सांकेतिक भाषा आली, तिचे नाव वेप. ती ‘च’च्या भाषेच्याच लायकीची निघाली. २००१ साली विद्वानांनी तिची खोड दाखवून दिली, आणि २००७ साली जर्मनीत डार्मस्टाटच्या संशोधकांनी ती एका मिनिटाच्या आत उलगडून दाखवली. मग २००३ साली निघालेली डब्ल्यूपीए, २००४ ची डब्ल्यूपीए२ आणि २०१८ ची डब्ल्यूपीए३ अशा वरचढ भाषा आल्या. यांतील शेवटची मिळाली तर उत्तम, नाहीतर तिच्या आधीची चालेल. जुन्या डब्यात वेप असेल तर कुलूप नसल्यासारखेच समजावे.

डब्ल्यूपीए२ चांगली, पण तिलाही एक छिद्र आहे. आपला मोबाईल डब्याशी जुळतो तेव्हा दोघांत चार शब्दांची ओळखदेख होते. बाहेर उभा असलेला माणूस ती ओळखदेख टिपून घेऊन घरी जातो आणि सावकाश, एकामागून एक पासवर्ड लावून पाहतो. दारात कोणी खटपट करीत नसल्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. एका चांगल्या यंत्राला सेकंदाला लाखो पासवर्ड लावून पाहता येतात.

आता आमच्या इमारतीची गोष्ट. चौदा बिऱ्हाडे आहेत. दिवाळीनंतर मी आणि मुलगी एकेका घरी विचारून, परवानगी घेऊन पाहून आलो. जोडणी करणाऱ्या माणसाने अकरा घरी त्या घरच्या कर्त्या पुरुषाचा मोबाईल नंबर हाच पासवर्ड ठेवून दिला होता! लक्षात राहायला सोपा, म्हणे. आपल्या देशात मोबाईलचा नंबर दहा आकडी, आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी नंबर झाले. ऐकायला केवढा आकडा वाटतो! पण सेकंदाला लाखो या वेगाने ते काही तासांत संपतात. बरे, तो नंबर दूधवाल्याकडे, इस्त्रीवाल्याकडे आणि सोसायटीच्या फळ्यावर लिहिलेला असतो, म्हणजे यंत्राचीसुद्धा गरज नाही. आणि ही खोड आपलीच नव्हे. इस्रायलमध्ये तेल अवीव शहरात सायबरआर्क या कंपनीच्या एका संशोधकाने हिंडून ५,००० वायफायची अशी ओळखदेख टिपली आणि २०२१ साली जाहीर केले की, त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक पासवर्ड त्याला उलगडले. तिकडेही पुष्कळांनी मोबाईल नंबरच ठेवला होता.

मग ठेवावा कसा? लांब ठेवावा. अवघड चिन्हांच्या मागे लागू नये, ती आपल्यालाच आठवत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यावेत. उदाहरणार्थ, जांभळी छत्री, आठ खारका, वरवंटा. इंग्रजी अक्षरांत एकापुढे एक लिहिले की झाले. (हा मी आत्ता सर्वांसमोर सांगितला, तेव्हा हाच कोणी ठेवू नये.) मुलाचे नाव, जन्मसाल, कुलदैवत हे नको. या तीन गोष्टी आपल्या आळीत कोणाला ठाऊक नाहीत?

काही डब्यांच्या पाठीवर डब्ल्यूपीएस नावाचे बटण असते. पासवर्ड न घालता, आठ आकड्यांच्या नंबराने जुळण्याची ती सोय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी प्रकार, असे वाटेल. पण डबा पहिले चार आकडे बरोबर की चूक ते वेगळे सांगतो, आणि शेवटचा आकडा बाकीच्या सातांवरून हिशेबाने निघतो. त्यामुळे १०,००० आणि १,००० असे अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ साली एका ऑस्ट्रियन संशोधकाने उघड केले. ती सोय बंद करून टाकावी. तिच्यावाचून काही अडत नाही.

आता एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या, कारण इथे शिकलेल्या माणसांचाही घोटाळा होतो. डब्याला एक नव्हे, दोन किल्ल्या असतात. एक फाटकाची. ती आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरी आतल्या कपाटाची, म्हणजे डब्याची व्यवस्था जिथून लावतात त्या खोलीची. ही दुसरी किल्ली कारखान्यातून येते ती बहुधा सरसकट एकच असते; नाव ‘ॲडमिन’ आणि पासवर्डही ‘ॲडमिन’! आमच्या चौदापैकी चौदा घरी ती तशीच होती. फाटक बदलले आणि कपाट तसेच ठेवले तर उपयोग काय?

या दुसऱ्या किल्लीने जगात केवढा गोंधळ झाला ते ऐका. २०१६ साली अमेरिकेत विशीच्या आगेमागे असलेल्या तीन पोरांनी मिराई नावाचा एक कार्यक्रम लिहिला. त्यात कारखान्यातून येणाऱ्या साठएक नावा-पासवर्डांची यादी होती, बस्स! तो कार्यक्रम जगभरचे डबे आणि कॅमेरे धुंडाळी, यादीतली किल्ली लावून पाही, आणि लागली की ते यंत्र आपल्या चाकरीला लावी. पुढे त्यांनी तो सगळ्यांसाठी उघडा केला, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच लाखभर लहानसहान यंत्रांनी एका कंपनीवर एकदम हल्ला चढवून अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्या तिघांनी २०१७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. ज्यांच्या घरचे ते कॅमेरे आणि डबे, त्यांना आपली यंत्रे रात्रपाळी करीत होती याची दादही नव्हती.

आपल्या खिशाला लागणारे उदाहरण ब्राझीलचे आहे. तिथे २०११ च्या सुमारास ४५ लाख घरांतल्या डब्यांत शिरून चोरांनी आतली पत्त्यांची वही बदलली. आपण बँकेचे नाव लिहितो, तेव्हा ती बँक कुठे राहते हे डबा एका वहीत पाहून सांगतो. ती वहीच खोटी केली, तर आपण नाव बरोबर लिहूनही पोचतो ते चोराच्या घरी, आणि तो दारावर बँकेचीच पाटी लावून बसलेला असतो. मोबाईलला काही रोग नाही, संगणकाला काही रोग नाही. दुखणे डब्यात! हल्ली बँकांची ॲप समोरची बँक खरी आहे ना हे स्वतः पडताळतात, म्हणून धोका पूर्वीपेक्षा कमी आहे. तरी संगणकावर ‘हे पान सुरक्षित नाही’ अशी सूचना आली की, पुढे जाऊ का म्हणून विचारत बसू नये. बंद करावे. आणि पैसे गेलेच, तर लाजून घरात बसण्याऐवजी ताबडतोब १९३० या नंबरला फोन करावा.

कॅमेऱ्यांविषयी थोडे. पाळण्यावर, म्हाताऱ्या सासूबाईंच्या खोलीत कॅमेरा लावण्याची रीत वाढली आहे. नोकरीवर जाणाऱ्या सुनेला त्याचा आधार वाटतो, आणि तो खराच आहे. पण २०१४ साली एक संकेतस्थळ निघाले होते, त्यावर जगभरच्या घरांतील आणि दुकानांतील हजारो कॅमेऱ्यांची चित्रे कोणालाही पाहायला मिळत. कॅमेऱ्यांचे पासवर्ड कारखान्याचेच होते, एवढेच कारण. पाळण्यातील मुलेसुद्धा त्यात दिसत. माझे मत विचाराल तर कॅमेरा दारावर असावा, निजण्याच्या खोलीत नसावा. पण लावायचाच असेल तर त्याची किल्ली आधी बदलावी, मग त्याला खिळ्यावर टांगावे.

कायद्यांनाही हे कळू लागले आहे. कॅलिफोर्नियात २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशी सरसकट सोपी किल्ली घालून घरगुती यंत्रे विकायला मनाई आहे.

डब्याच्या आतल्या प्रणालीतही छिद्रे सापडतात आणि कारखाना ती बुजवून नवी प्रणाली पाठवतो. ती घ्यावी. फार जुना झालेल्या डब्याला कारखाना काही पाठवीनासा होतो. तो डबा दिसायला धडधाकट असला तरी बदलावा, भांडेवालीला द्यावा. २०१८ साली ५४ देशांतील निदान पाच लाख डब्यांत एक रोग पसरला, तेव्हा अमेरिकेच्या एफबीआयने सर्व लोकांना सांगितले, डबे एकदा बंद करून पुन्हा चालू करा! वायफाय अडले की आमच्या घरी हाच उपाय मी आधीपासून करते, आणि मुलगी हसते. त्या दिवसापासून हसत नाही. (अर्थात तेवढ्याने रोग पुरता जात नव्हता, हेही ती मला ऐकवते.)

बाहेरच्या फुकट वायफायबद्दल लोक फार भिववतात. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्टेशनवर ते सुरू झाले आणि मग गावोगावच्या स्टेशनांवर पसरले. त्यात सरसकट वाईट काही नाही. मात्र नाव कोणालाही घेता येते. स्टेशनच्या वायफायचेच नाव देऊन शेजारच्या बाकावरचा माणूस आपले वायफाय उघडू शकतो. तेव्हा तिथे बातम्या वाचा, गाणी ऐका. पैशाचा व्यवहार मोबाईलच्या स्वतःच्या इंटरनेटवर करा.

आता राहिला तो सगळ्यांत नाजूक भाग. आमच्या पलीकडच्या काकूंना मी पासवर्ड दिला नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, विरजण मागितलं तर वाटीभर देतेस, आणि चार आकडे सांगायला हात आखडतेस?” मला ते लागले. आपल्या आळीत शेजारधर्म आहे म्हणून कित्येकींची बाळंतपणे, दुखणी, मुलांच्या परीक्षा निभावल्या आहेत. कोणाच्या मुलाला अभ्यासासाठी इंटरनेट हवे आणि ते आपल्याकडे असून द्यायचे नाही, हे माझ्याही मनाला पटत नाही. पण विरजणात आणि पासवर्डात फरक आहे. विरजणाची वाटी काकूंच्याच घरी जाते. पासवर्ड काकूंकडून भाच्याकडे, भाच्याकडून त्याच्या चार मित्रांकडे जातो, आणि तो परत मागता येत नाही. शिवाय वायफायमध्ये शिरलेला माणूस आपल्या टीव्हीच्या, कॅमेऱ्याच्या, संगणकाच्या अगदी जवळ येऊन बसतो.

मुलीला विचारले तेव्हा तोड निघाली. बहुतेक नव्या डब्यांत पाहुण्यांसाठी निराळे वायफाय काढता येते. त्याचे नाव निराळे, पासवर्ड निराळा. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळते, पण आपल्या घरातली यंत्रे दिसत नाहीत. म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवले, पाणी दिले, माजघराचे दार लोटून घेतले. माग मात्र तरीही आपल्याच नावावर येतो, म्हणून ओसरीवर कोणाला बसवायचे ते आपण ठरवायचे, आणि दर महिन्याला तो पासवर्ड बदलायचा. मी काकूंना तसा दिला. म्हटले, “काकू, हा तुमचा. पण भाच्याला हवा असेल तर त्याने माझ्याकडे येऊन मागावा.” भाचा आला नाही. काकू मात्र आता दर एक तारखेला नवा पासवर्ड घ्यायला येतात आणि चहा घेऊन जातात.

पुष्कळजणींना वाटते, हे काम पुरुषांचे किंवा जोडणीवाल्याचे. घरात किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला असे ते आठवा. जोडणीवाला माणूस दहा मिनिटे येतो आणि जातो. कोण आले, कोण गेले, कोणाला काय दिले, हे आपल्यालाच ठाऊक असते. डब्याच्या खोलीत शिरले की कोणकोणते मोबाईल जुळलेले आहेत त्यांची यादीही दिसते. मी ती महिन्यातून एकदा वाण्याच्या बिलासारखी तपासते. एकदा घरात माणसे चार आणि यादीत मोबाईल सात होते. त्यांतला एक टीव्ही निघाला आणि एक मुलाचा जुना मोबाईल. सातवा कोणाचा ते कळले नाही. पासवर्ड बदलला, तो गेला.

येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी आणि माझी मुलगी मंडळाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना दोन्ही किल्ल्या बदलायच्या असतील त्यांनी यावे. कसे करायचे ते तिथे मोबाईलवर दाखवू, आणि अडेल तिच्या घरीही येऊ. नवा पासवर्ड आपल्या हाताने आपल्या वहीत लिहावा, आम्हालाही सांगू नये. डब्याच्या बुडाला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर डब्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीतरी. तेवढा लागेल. पण त्या चिठ्ठीचा फोटो कृपा करून मंडळाच्या ग्रुपवर टाकू नका, कागदावर उतरवून आणा.